शेड आपली, प्रयोगशाळा भोपाळची

‘आधी उद्योग आणा, बाकी सगळे मागून येते.’ नंदुरबार जिल्ह्याच्या विकासाविषयी बोलणे निघाले की हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच. त्यामागची मांडणीही ठरलेली असते. सुरत जवळ आहे. सुरत-नागपूर महामार्ग नवापूर-विसरवाडीवरून जातो. उधना-जळगाव रेल्वेमार्ग दुहेरी झाला, त्याचे विद्युतीकरण झाले. मजूर स्वस्त आहे. तेव्हा एमआयडीसीत भूखंड द्या, विजेच्या दरात सवलत द्या, भांडवली अनुदान द्या. एकाच धंद्यातले पन्नास कारखाने शेजारी शेजारी बसले की त्याचे क्लस्टर होईल, आणि क्लस्टर झाले की जिल्हा देशाच्या बाजारात स्पर्धेला उभा राहील.

ही मांडणी मला मान्य नाही. माझा विरोध उद्योगाला नाही आणि सरकारने क्लस्टरवर पैसा घालण्यालाही नाही. उलट या भागात सरकारने आज घालते त्याहून जास्त पैसा घालावा, असेच माझे म्हणणे आहे. वाद आहे तो पैसा कशावर घालायचा, याचा.

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातले गाव. सुरतेकडून येणारी गाडी नवापूर सोडून नंदुरबारकडे निघाली की वाटेत हे स्टेशन लागते. आसपास मावची, कोकणी, भिल वस्ती. पावसाळ्यात भात, त्याच्या जोडीला तूर, आणि जवळपास प्रत्येक दाराशी चार-सहा गावठी कोंबड्या. गावात मिशनचा जुना दवाखाना आहे. चिंचपाड्याचे नाव आजूबाजूच्या गावांना माहीत आहे ते मुख्यतः या दोन गोष्टींमुळे, स्टेशन आणि दवाखाना. दोन्ही एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरच्या, सगळ्यांना मिळून लागणाऱ्या. क्लस्टर म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही.

‘आधी उद्योग आणा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रिकामी जमीन असते. ती तशी नाही. नवापूर परिसरात पोल्ट्रीचा धंदा काही दशकांपासून आहे. लाखो पक्षी सांभाळणाऱ्या शेड एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. खाद्य, पिल्ले, औषधे, अंड्यांचे ट्रे, गाड्या, व्यापारी असा सगळा पसारा त्यांच्याभोवती जमला आहे. तालुक्यातल्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या आहेत. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती घेतात, आणि उघड्या माळावर पसरून वाळवतात. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, कैरी कापून, वाळवून आमचूर होतो. ही सगळी क्लस्टरेच आहेत. यांतले एकही कोणी भूखंड वाटल्यामुळे जन्मले नाही.

यांतल्या पहिल्याचे, पोल्ट्रीचे, काय झाले ते नीट सांगितले पाहिजे. या वादाचा निकाल मला त्यातच दिसतो.

२००६च्या सुरुवातीला नवापूरच्या शेडमधून कोंबड्या मरू लागल्या. आधी तो राणीखेत समजला गेला. राणीखेत इथल्या धंद्याच्या ओळखीचा रोग, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातला पहिला. मग तीन किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारून पुरण्याचे काम सुरू झाले. सीमेपलीकडच्या गुजरातमध्ये, उच्छल तालुक्यातही तेच. देशभर चिकन आणि अंड्यांचे भाव कोसळले, आणि ‘नवापूर’ हे नाव कधी न ऐकलेल्या माणसालाही ते पाठ झाले.

मोठ्या शेडच्या नुकसानीबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पाड्यावरच्या कोंबड्यांबद्दल कमी. परीघ म्हणजे परीघ. त्यात आलेल्या घरातली गावठी कोंबडीही गेली. आदिवासी घरात कोंबडी म्हणजे हाताशी असलेला पैसा. आजारपणात विकायची, पाहुण्याला करायची, देवाला द्यायची. ज्या घराने पोल्ट्रीच्या धंद्यातून एक रुपया कमावला नव्हता, त्या घरानेही या धंद्याच्या आपत्तीची किंमत मोजली. क्लस्टरचा फायदा सभासदांना मिळतो आणि तोटा शेजाऱ्यांनाही सोसावा लागतो, हे कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते. ते नवापूर तालुक्याने सोसले आहे.

यावर उत्तर येते : शेडमालकांनी खबरदारी घ्यायला हवी होती, सरकारचा काय संबंध? हे उत्तर ऐकायला कणखर वाटते, पण त्याला धंद्याची ओळख नाही. शेड जवळ जवळ असण्याचा फायदा हा की खाद्याची एकच गाडी दहा ठिकाणी उतरते, एकच व्यापारी दहा ठिकाणची अंडी उचलतो, रिकामे ट्रे फिरत राहतात. रोगही त्याच वाटेने फिरतो. एका मालकाने दाराशी चुन्याचा पट्टा घातला, माणसांचे येणे-जाणे बंद केले, तरी शेजारच्या शेडमध्ये मर लागली की त्याची खबरदारी वाया जाते. म्हणून एकटा मालक त्यावर मोठा खर्च करत नाही, आणि मनात असूनही त्याला तो परवडत नाही. रोगनिदानाची प्रयोगशाळा, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट, गाड्या धुण्याची जागा, रोगाची खबर लगेच एकमेकांना देण्याची व्यवस्था, या गोष्टी एकतर सगळ्यांच्या असतात किंवा कोणाच्याच नसतात. बाजार त्या उभ्या करत नाही, कारण त्यांतून कोणा एकाच्या हाती नफा येत नाही.

‘उद्योग जिथे वाढायचे तिथे आपोआप वाढतात, सरकारने त्यात पडू नये’ असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे. नवापूरची पोल्ट्री आपोआपच वाढली होती. आपोआप वाढलेल्या धंद्याला आपोआप प्रयोगशाळा मिळाली नाही. २०२१च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. पुन्हा लाखो पक्षी मारले गेले, आणि पक्क्या निदानासाठी नमुने पुन्हा भोपाळलाच गेले. एच५एन१चे अंतिम निदान देशाच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत व्हावे हे बरोबरच आहे. पण पहिला संशय इथल्या इथे, काही तासांत यायला हवा. मधले दिवस हाच रोगाच्या फैलावाचा काळ असतो.

तमिळनाडूतले नामक्कल अंड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथेही शेड शेजारी शेजारीच आहेत, रोग तिथेही येतात. पण त्याच गावात १९८५ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि संशोधन संस्था आहे. मेलेली कोंबडी सकाळी टेबलावर ठेवून तपासणारा माणूस त्या गावात आहे. नवापूर आणि नामक्कल यांच्यातला फरक मला जमिनीच्या भावात किंवा विजेच्या दरात दिसत नाही, तो या माणसात दिसतो.

परराज्यात जायचे नसेल तर आपल्याच राज्याकडे पाहू. नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपात जातात. २००३ मध्ये तिथे कीटकनाशकांच्या अंशावरून आपला माल अडला. तेव्हा द्राक्षबागायतदाराला स्वस्त जमीन देऊन प्रश्न सुटला नसता. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशतपासणीची पद्धत बसली. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने २००६च्या सुमारास ग्रेपनेट सुरू केले, म्हणजे प्रत्येक पेटी कोणत्या बागेतली आहे ते शोधता येऊ लागले. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅटच्या अंशावरून पुन्हा मोठा फटका बसला, शेतकऱ्यांचे हाल झाले. तरी धंदा मोडला नाही. चूक कुठे झाली ते शोधण्याची व्यवस्था हाताशी होती, आणि तपासणीची यादी वाढवता आली.

साखरेचेही तसेच. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीवर आणि धनंजयराव गाडगिळांच्या अर्थशास्त्रावर. सहकारी कारखान्यांत सरकारने भागभांडवल घातले, पण कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा राहिला. पुढे १९७५ मध्ये कारखान्यांनी मिळून संशोधन संस्था काढली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने गाळपाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. योगायोगाने तीही मांजरीतच आहे. सहकारी साखरधंद्याचे दोष मी लपवत नाही, त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. पण उसाची नवी जात, पाण्याची बचत, यंत्राची दुरुस्ती यांसाठी प्रत्येक कारखान्याला वेगळा तज्ज्ञ नेमावा लागला नाही, ही त्या धंद्याची ताकद होती.

क्लस्टरचे समर्थक मायकेल पोर्टर यांचे नाव घेतात. पोर्टर यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात राष्ट्रांच्या स्पर्धाशक्तीची मांडणी केली आणि पुढे क्लस्टरची कल्पना जगभरच्या सरकारांच्या धोरणात आली. पण त्यांच्या व्याख्येत कारखान्यांइतक्याच संस्था आहेत : विद्यापीठे, प्रशिक्षण केंद्रे, दर्जा ठरवणाऱ्या यंत्रणा, संघटना. आपल्याकडे व्याख्येतला कारखान्यांचा भाग घेतला गेला, कारण भूखंड मोजता येतो आणि उद्घाटनाची फीत कापता येते. व्याख्येतला दुसरा भाग फायलीत राहिला.

आता टेक्स्टाइल पार्कविषयी, कारण ‘आधी उद्योग आणा’चे सर्वांत मोठे उदाहरण तेच दिले जाते. नवापूरच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क झाला. सुरतेकडचे उद्योजक आले, माग आले, काही स्थानिक मुलांना कामही मिळाले. त्या कामाला मी कमी लेखत नाही. ज्या तालुक्यातली कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, त्या तालुक्यात घरून जाऊन-येऊन करता येणारे काम मोलाचे आहे. बारडोली-सुरत पट्ट्यात ऊस तोडायला जाणाऱ्या खानदेशी टोळ्यांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकातच लिहिले होते. त्या टोळ्या आजही जातात.

पण मागांच्या या वस्तीला क्लस्टर म्हणायचे का? सुरतेच्या कापडधंद्याची ताकद फक्त मागांत नाही. सूत पुरवणारे, प्रोसेस हाउस, डिझाइन करणारे, रिंग रोडवरचे व्यापारी, माग बिघडला की तासाभरात येणारा मिस्त्री, हे सगळे सुरतेत आहेत. नवापुरात आला तो त्यातला एक अवयव, आणि तो आला विजेच्या दरातल्या फरकासाठी. सूत तिकडून येते, कापड तिकडे जाते, सौदा तिकडे ठरतो. ही सुरतेची स्पर्धाशक्ती आहे, तिचे वीजबिल महाराष्ट्र कमी करतो. सवलतीच्या आकड्यावर आलेला धंदा सवलतीच्या आकड्यावर उठूनही जाऊ शकतो. मागासलेल्या भागांत उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ मध्ये प्रोत्साहन योजना आणली. साठ वर्षे उलटून गेली आणि नंदुरबारचे नाव आजही २०१८ पासूनच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. केवळ सवलतींनी होणार असते तर इतक्या काळात ते झाले असते.

इचलकरंजीचे नाव इथे हमखास निघते. तिथला पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला, संस्थानाच्या जहागीरदारांनी पाठबळ दिले. मात्र इचलकरंजी घडली ती पुढच्या अनेक दशकांत. गावातलेच लोक माग चालवता चालवता मालक झाले, माग दुरुस्त करणारे झाले, सायझिंग काढणारे झाले, सूतगिरण्यांचे सभासद झाले. नवापुरात माग चालवणारा मावची मुलगा दहा वर्षांनी कोण झालेला असेल, हा प्रश्न टेक्स्टाइल पार्कच्या कोणत्या बैठकीत विचारला जातो?

योजनांच्या सीमांचाही असाच घोळ आहे. नवापूर स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये आहे, हे प्रवाशांना गमतीचे वाटते. धंद्याला त्यातली अडचण माहीत आहे. २००६ मध्ये विषाणू उच्छलला गेला तेव्हा त्याने राज्य विचारले नाही. क्लस्टर योजना मात्र राज्य विचारते, आणि आता जिल्हाही विचारते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० मध्ये ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या सूत्राने आली आणि नंदुरबारच्या वाट्याला मिरची आली. मिरची खरोखरच जिल्ह्याची शान आहे. पण ती नंदुरबार-शहाद्याकडची. भात-तुरीच्या नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या शेतकऱ्याला त्या शिक्क्याचा काय उपयोग? धंदे पाऊस, माती, रस्ता आणि बाजार बघून वाढतात, जिल्ह्याचा नकाशा बघून वाढत नाहीत. हा जिल्हा तर १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला. मिरची त्याच्या कितीतरी आधीची.

आणि त्या मिरचीच्या क्लस्टरमध्ये माणसे कोणती मोजली जातात? पथारीवर दिवसभर उन्हात बसून देठ खुडणाऱ्या बहुतेक आदिवासी बाया असतात. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात, ठसक्याने छाती भरते. अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, काळी पडते, व्यापाऱ्याचे नुकसान होते आणि बायांची मजुरी बुडते. वाळवणीसाठी छप्पर, गरम हवेचे ड्रायर, धूळ-ठसका ओढून घेणारे पंखे ही या धंद्याची सामायिक गरज आहे. पण क्लस्टर योजनेत सभासद होतात ती नोंदणी असलेली युनिटे. देठ खुडणाऱ्या बाईचे नोंदणी प्रमाणपत्र नसते. योजनेसाठी काढलेली कंपनी मालकांची होते, सामायिक सुविधा केंद्र कंपनीचे होते, आणि अनुदान देताना जिच्या नावाने जिल्ह्याला मागास म्हटले जाते ती बाई त्यात कुठेच नसते.

हे बदलता येते, आणि नवा कायदा न करताही. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उपक्रम क्लस्टर कार्यक्रमाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते दहा कोटींच्या सामायिक सुविधा केंद्राला एरवी ७० टक्के अनुदान आहे, आकांक्षित जिल्ह्यांत ते ८० टक्के आहे. म्हणजे पाच कोटींच्या केंद्रात केंद्र सरकार चार कोटी द्यायला तयार आहे. प्रश्न उरतो उरलेल्या एका कोटीचा. त्यातला सभासदांचा वाटा आज युनिटांचे मालक भरतात, म्हणून सुविधा केंद्र त्यांचे होते. प्रवरेच्या काळात सरकारने शेतकऱ्यांच्या कारखान्यात भागभांडवल घातले होते. तसेच इथे आदिवासी उपयोजनेतून बचत गटांच्या, तूर उत्पादकांच्या, लहान कोंबडीपालकांच्या नावाने भाग घ्यावेत. हे पैसे कर्ज म्हणून देऊ नयेत, भाग म्हणून द्यावेत. नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीतला आहे, इथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभेला विचारून जमीन घ्यायची असेल तर ग्रामसभेच्या माणसांना मालकीत बसवण्यात अवघड काय आहे?

कोणी म्हणेल, हे सगळे केल्याने रोजगार किती मिळेल? टेक्स्टाइल पार्कइतका लगेच मिळणार नाही, हे मी मान्य करतो. प्रयोगशाळेत दहा-पंधरा माणसे काम करतील. पण त्या दहा-पंधरांच्या आधारावर शेकडो शेड आणि हजारो घरांच्या कोंबड्या उभ्या असतील. डाळीची प्रतवारी करणाऱ्या एका यंत्रावर नवापूर तुरीचे मानांकन खऱ्या अर्थाने बाजारात विकता येईल. आज ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे आणि शेतकरी तूर कच्चीच विकतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्राने नवापूर-चिंचपाडा पट्ट्यासाठी पक्षिरोग निदान प्रयोगशाळा आणि तुरीच्या प्रतवारी-पाकिटबंदीचे सामायिक केंद्र यांचा प्रस्ताव करावा. त्यात पशुसंवर्धन विभाग आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांना पहिल्या दिवसापासून बसवावे. गुजरातच्या तापी जिल्ह्याशी, उच्छलशी, रोगाच्या खबरीचा करार करावा. सभासदांच्या यादीत पाड्यावरची माणसे आहेत की नाही ते पाहूनच जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर सही करावी. नवापूरच्या एमआयडीसीत पुढचा सवलतीचा भूखंड त्यानंतर द्यावा. २००६ आणि २०२१ अशी दोन वेळा या तालुक्याने आपली मेलेली कोंबडी भोपाळला पाठवून उत्तराची वाट पाहिली आहे. तिसऱ्यांदा ती पाठवायची पाळी येईल तेव्हा पहिले उत्तर नवापुरातच मिळाले पाहिजे.